पांढरी टाकी

जेटीला लागून पत्र्याची एक लांब शेड होती आणि तिच्यात एकाच घराचे सगळे धंदे नांदत होते. एका टोकाला सासूबाईंची धुलाई: दोन मशिनं, इस्त्रीचं टेबल आणि वाऱ्यावर फडफडणाऱ्या चादरी. मधे सुनेचं गॅस भरायचं काम. समोर पाण्यात दिराची बोट उभी असे, गोड्या पाण्याच्या पिंपांनी भरलेली. आणि नवरा होता वाटाड्या. परक्या बोटींवर चढून त्यांना पाण्याखालच्या खडकांमधून मागच्या बेटांपर्यंत सुखरूप पोचवायचं, हा त्याचा उद्योग. शिडाच्या बोटीतून जग फिरणारी माणसं बरेच दिवस समुद्रात काढून इथे टेकत, तेव्हा त्यांना पाणी, धुतलेले कपडे, चुलीला गॅस आणि पुढची वाट एवढंच हवं असे. "आंघोळीपासून अंतापर्यंत सगळी सोय एकाच छपराखाली," असं दीर गिऱ्हाइकांना सांगे, आणि सासूबाई दर वेळी त्याला झापत, "मेल्या, तुझ्या जिभेला काही हाड?"

येणारेजाणारे त्यांना गॅसवाली, पाणीवाला, वाटाड्या अशाच नावांनी ओळखत. हळूहळू घरातही तीच नावं रुळली होती.

त्या सकाळी गॅसवाली नळीचा वायसर बदलत होती, तेवढ्यात नव्याने आलेल्या एका बोटीवरची उंच, उन्हाने रापलेली बाई रिकामी टाकी घेऊन आली. टाकी तिने एका बोटाला अडकवली होती, बाजारातून भाजीची पिशवी आणावी तशी.

"टोपीवाल्या आजोबांनी तुमच्याकडे पाठवलं," ती म्हणाली. "त्यांची आणि आमची टाकी एकाच दुकानातली. जुळ्या बहिणीच म्हणा ना."

गॅसवालीने हात पुढे केला. लोखंडाच्या टाकीला लागतो तेवढा जोर लावून तिने ती उचलली, आणि टाकी भसकन तिच्या खांद्यापर्यंत वर आली.

"अ‍ॅल्युमिनियमची आहे," बाई हसली. "सगळे फसतात."

गॅसवाली हसली नाही. तिने टाकी काट्यावर ठेवली. सुई जेमतेम हलली. मग तिने नखाने पांढरा रंग खरवडला, खालून चंदेरी धातू निघाला.

बेटांवर गॅस भरायचा कारखाना नव्हता. जहाजातून मोठ्या टाक्या येत. त्यातली एक वाशाला उलटी टांगायची, खाली काट्यावर गिऱ्हाइकाची छोटी टाकी ठेवायची आणि मधे नळी जोडायची. वरचा द्रव खाली उतरतो. छोटी टाकी थंड असली की आणखी भराभर उतरतो, म्हणून तिला ओलं पोतं गुंडाळायचं. इथे येणाऱ्या जवळपास सगळ्या टाक्या लोखंडाच्या, एका मापाच्या, सारख्या वजनाच्या. म्हणून सासऱ्यांनी हयात असताना कधीतरी काट्याच्या तबकडीवर लाल रेघ मारून ठेवली होती. सुई रेघेवर आली की नळी बंद. टाकीचा वरचा पाचवा हिस्सा मग रिकामा राहतो, आणि तो रिकामाच राहायला हवा, कारण ऊन लागलं की आतला द्रव फुगतो. फुगायला जागा नसली तर तो टाकी फाडतो, नाहीतर सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून बाहेर पडतो. हे सगळं तिला तोंडपाठ होतं. पण ती रेघ लोखंडासाठी मारलेली होती.

आज उजाडताच नवऱ्याने टोपीवाल्या आजोबांची पांढरी टाकी खांद्यावरून आणून काट्यावर ठेवली होती. गॅसवालीने ती स्वतः उचललीच नव्हती. सुई रेघेच्या बरीच अलीकडे अडली, तेव्हा तिला वाटलं, वरच्या टाकीतला जोर कमी झाला असेल. सासूबाई बर्फ घेऊन आल्या. बर्फ रचल्यावर सुई केसभर सरकली आणि पुन्हा थांबली. शेवटी तिने नळी काढली आणि आजोबांना म्हणाली, "जरा कमीच भरली गेली, सांभाळून घ्या."

कमी. ती टाकी गळ्यापर्यंत भरलेली होती. तिच्यात एक बुडबुडा मावला नसता. आणि ती बर्फगार टाकी बोटीच्या मागच्या कप्प्यात ठेवून टोपीवाले आजोबा-आजी मागच्या बेटाकडे निघून गेले होते. वाट दाखवायला तिचा नवरा.

ऊन आता शेडच्या दारातून आत आलं होतं.

तिने रेडिओ उचलला. "वाटाड्या, वाटाड्या, ऐकू येतंय का?" नुसती खरखर. तिने पुन्हा हाक मारली, पुन्हा मारली. मागच्या बेटाचा डोंगर आड येत होता, आणि या रेडिओच्या लहरी उजेडासारख्या सरळ जातात, डोंगराला वळसा घालत नाहीत. परत बटण दाबताना तिचा अंगठा थबकला. त्याला ऐकू गेलं असतं तर तो काय करणार होता? उत्तर द्यायला खाली उतरला असता, बोटीच्या पोटात. गॅस हवेहून जड, तो पाण्यासारखा वाट काढत तिथेच जाऊन साचतो. आणि तिथे उभं राहून त्याने रेडिओचं बटण दाबलं असतं.

तापलेला तवा सोडावा तसा तिने रेडिओ टेबलावर सोडला.

"काय गं, तोंड का उतरलंय?" सासूबाईंनी विचारलं.

"सकाळची टाकी हलक्या धातूची होती, आई. आपली रेघ तिला लागूच नव्हती. आपण ती ठासून भरली."

सासूबाई चादरीची घडी घालत होत्या. अर्धी घडी त्यांनी तशीच छातीशी धरली. "बर्फ मी आणला," त्या म्हणाल्या.

"भरली मी."

"टाकी ठेवलीय कुठे त्यांनी?"

"मागच्या बाकाखाली."

"म्हणजे माझं पोर तिच्यावर बसलंय."

हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. सुकाणू धरणारा त्याच बाकावर बसतो.

"आई, रेडिओला कुणालाही हात लावू देऊ नका. त्यांना हाक मारायची नाही. मी भावजींना घेऊन जाते."

"आणि मी काय करू?"

"तुम्ही इथे बसा."

"बसते," सासूबाई म्हणाल्या आणि उभ्याच राहिल्या.

बंदर कार्यालयाची वेगवान बोट रंगवायला किनाऱ्यावर चढवलेली होती. राहिला पाणीवाला. तो पिंपांवर पाय पसरून बसला होता.

"वहिनी, आज इकडे कुठे? वाट चुकलात, की आईने हाकललं?"

तिने दोन वाक्यांत सांगितलं. तो उठला आणि दोर सोडायला लागला. मग पिंपांकडे बघून थांबला. भरल्या पिंपांनिशी बोट गोगलगाईसारखी चालते, हे दोघांनाही माहीत होतं.

"ओता," ती म्हणाली.

कुणी गोड्या पाण्याने पाय धुतले तरी त्या गिऱ्हाइकाचा उद्धार करणारा माणूस तो. त्याने एकेक पिंप आडवं केलं आणि सगळं पाणी खारट समुद्रात जाऊ दिलं. बोट पाण्यातून हातभर वर आली. मग त्याने इंजिनाला जेवढं सोसेल तेवढं पळवलं.

गॅसवाली पुढे बसली होती. बोटीच्या लोखंडी काठावर तिने तळवा टेकवून ठेवला होता. आधी काठ कोमट होता. मग गरम झाला. मग तिथे हात ठेववेना, पण तिने काढला नाही. इथे एवढं तापलंय, तर बंद कप्प्यात किती तापलं असेल, हाच हिशोब तिच्या डोक्यात फिरत होता, आणि त्याचं उत्तर दर वेळी वाढून येत होतं. डोळे डोंगराच्या माथ्यावर लागले होते. तिकडून धूर आला तर आधी तिथेच दिसेल. एकदा दिसलाही. तो ढग होता.

"वहिनी, काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"शिव्या द्या हवं तर. तुम्ही गप्प बसलात की मला जास्त भीती वाटते."

तिने तळवा काठावर आणखी घट्ट दाबला.

डोंगराचं टोक जवळ आलं. टोकाला वळसा घातला की पलीकडे शांत पाणी आणि पाहुण्या बोटी बांधायचा तरंगता बोया. पाणीवाल्याचा हात सवयीने भोंग्याकडे गेला आणि तिने तो वरच्या वर धरला.

"तुमची बोट आलेली दिसली की हे काय करतात?"

"दादा? तो काय, चहाचं आधण..." पाणीवाला मधेच थांबला.

भाऊ येताना दिसला की दुसऱ्याच्या बोटीवर असला तरी मालकाला विचारून किटली चढवायची, ही वाटाड्याची जुनी खोड होती. भावाच्या इंजिनाचा आवाज तो झोपेतही ओळखायचा.

पाणीवाल्याने टोकाच्या अलीकडेच इंजिन बंद केलं आणि खडकाला दोर टाकला. मागे बांधलेली लहान होडी त्याने ओढून घेतली. दोघं तिच्यात उतरले. आता फक्त वल्ह्यांचा आवाज होता, आणि तोही तिला फार मोठा वाटत होता.

बोट बोयाला बांधलेली दिसली, पांढरी, शांत. मागे लोंबणारी रबरी होडी जागेवर नव्हती. म्हणजे आजोबा-आजी खडकांवरचे मासे बघायला गेले होते. वाटाड्या एकटाच होता. त्याच बाकावर तो पाय लांब करून बसला होता, आणि त्याला धडधाकट बघून तिला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. बोट वाऱ्याकडे तोंड करून उभी होती आणि वारा तिच्या अंगावरून यांच्याकडे येत होता. त्या वाऱ्याबरोबर वास आला. सडक्या कांद्यासारखा. तो वास तिच्या रोजच्या कपड्यांना असायचा. इतक्या लांब तो कधी आला नव्हता.

"वहिनी," पाणीवाला कुजबुजला.

"मला आला. वल्हवा."

वाटाड्याने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. ओळख पटली तसा त्याने हात उंच करून हलवला. मग उठला आणि खाली उतरायच्या पायऱ्यांकडे वळला.

ती ओरडली. वारा उलटा होता, शब्द तिच्याच तोंडावर परत आले. त्याने वळून कानाला हात लावला, हसला, "आधण ठेवतो" अशी खूण केली आणि एक पायरी उतरला.

आणखी काय ओरडणार? नीट ऐकू न आलेलं तो खाली जाऊन, लायटर हातात घेऊन "काय म्हणालीस?" असं विचारणार. तिला जेमतेम पोहता यायचं, तेही पायाखाली वाळू असेल तिथे. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याला सगळ्यात जास्त, कारण शिकवायचा प्रयत्न करून हरला होता तो. ती होडीत उभी राहिली, घसा फुटेल एवढी मोठी किंकाळी फोडली आणि स्वतःला पाण्यात टाकून दिलं.

पाणी डोक्यावरून गेलं. नाकात गेलं. खोटं बुडायला गेलेली ती दुसऱ्याच क्षणी खरी बुडत होती. हातपाय मारले तर अंगाखाली काहीच नव्हतं. वर आली तेव्हा पाणीवाला वल्हं पुढे करून काहीतरी ओरडत होता. तिने ते वल्हं धरलं नाही. परत खाली गेली. मग कुणीतरी तिची वेणी धरून तिला वर खेचलं.

"वेड लागलंय का तुला?" वाटाड्या धापा टाकत होता. "उभं कशाला राहायचं होडीत?"

तिने दोन्ही हातांनी त्याचा गळा आवळला. "काही पेटवलंत?"

"काय?"

"चूल पेटवली का?"

"किटली ठेवली होती आधीच. लायटर शोधायला चाललो होतो, तर तू..."

"टाकी ठासून भरलीय. ती गॅस सोडतेय. बोटीच्या तळाला साचलाय. वास नाही आला तुम्हाला?"

"आला की. मला वाटलं, आजोबांचा संडास."

होडीच्या काठाला लटकून तिने त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण नजर बोटीवर होती.

"पंप," तो म्हणाला.

"कसला पंप?"

"हिचा पंखा फिरवणारा दांडा मागे बाहेर जातो, तिथून पाणी झिरपतं. तळाला साचलं की पंप आपोआप चालू होतो. आम्ही बोया धरला तेव्हा एकदा चालला होता. त्याला बराच वेळ झाला."

कुणी बटण दाबायची गरज नव्हती. बोट आपली आपणच ठिणगी पाडणार होती.

"लांब जाऊ या," ती म्हणाली. "बोट जाऊ दे."

"ते दोघं येतील आता. रबरी होडीला मोटार आहे."

"त्यांना अडवू. भावजी अडवतील. बोट जाऊ दे."

"अगं, घर आहे ते त्यांचं. जमिनीवर दुसरं नाही." त्याने होडीचा काठ सोडला. "तू इथे थांब."

त्याचा पाय धरून त्याला मागे ओढावं असं तिला वाटलं. पण ओढलं तरी तो जाणार, हे लग्नापासून तिला माहीत होतं. "मला पाठीवर घ्या," ती म्हणाली. "टाकी मी भरलीय."

पाणीवाला आजोबांना अडवायला वल्हवत निघाला. "मोटार बंद करून वल्ह्यांनी या म्हणावं," वाटाड्याने बजावलं. "आणि नुसते हात हलवू नकोस. त्यांना वाटेल, रामराम करतोयस."

बोटीवर दोघं अनवाणी, निथळत चढले. बाकाखालचा कप्पा उघडला तेव्हा टाकी फुसफुसत होती. जरा थांबे, परत फुसफुसे. व्हॉल्व्हभोवती पांढरं दव जमलं होतं. वाटाड्याने तिची नळी हाताने सोडवली, कड्यात दोर ओवला, तान्हं मूल उचलावं तशी ती उचलली आणि हळूच समुद्रात सोडली. पाण्यात ती अर्धी बुडून डोलत राहिली. गार होत गेली तशी तिची फुसफुस विरळ झाली आणि थांबली.

पण जे निघायचं ते आधीच निघून तळाला बसलं होतं. छतातलं पुढचं झाकण उघडं होतं, वारा आरपार जात होता, तरी पायऱ्या उतरताना वासाने तिचं डोकं गरगरलं. त्याने जमिनीची लाकडी फळी उचलली. खाली अंधाऱ्या खळग्यात तेलकट पाणी, आणि त्यात एक फ्लोट, छपरावरच्या पाण्याच्या टाकीत असतो तसा. पाण्याबरोबर तो तिरका व्हायला लागला होता.

"बॅटरीची तार काढली तर?" तिने विचारलं.

"काढतानाच ठिणगी पडते."

ती पालथी पडली, हात खाली घातला आणि फ्लोट तळाशी दाबून धरला. त्याच्या पोटातली बारीक गोळी हलल्याचं तिला बोटांना कळलं. ती पुढे सरकली की पंप चालू.

वाटाड्याने प्लास्टिकची बादली घेतली. खळगा तळाशी निमुळता होता, ती पाण्यापर्यंत पोचत नव्हती. बघणाऱ्याला वेडेपणाच वाटला असता. रिकामी बादली खळग्यात सोडायची, हेलकावा न देता वर न्यायची, वाऱ्यावर उपडी करायची आणि परत रिकामीच खाली आणायची. पण बादलीत गॅस येत होता, विहिरीतून पाणी यावं तसा. तो चढत होता, उतरत होता. तिच्या मनगटापर्यंत पाणी आलं. मग कोपराकडे सरकायला लागलं. हाताला मुंग्या आल्या. फ्लोट जोराने नाही, पण एकसारखा वर यायला बघत होता.

"हात बदलू?" त्याने विचारलं.

"बदलताना सुटेल."

तो परत एक फेरी करून आला. "सकाळी टाकी नेताना मला हलकी लागली होती," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, माझीच ताकद वाढली."

तिला हसू आलं आणि त्याच क्षणी फ्लोट बोटांखाली थरथरला. ती हसायची थांबली. तिने तो इतका जोरात दाबला की नखं दुखली.

वास कमी झाला. मग नाहीसा झाला. पण हेच तर वाईट होतं. हा वास सतत घेतला की नाक त्याला सरावतं आणि तो असूनही येईनासा होतो. गॅस गेलाय की नुसती नाकं थकलीत, हे दोघांपैकी कुणालाच सांगता येईना.

बाहेर वल्ह्यांचा आवाज आला. पाणीवाला आजोबा-आजींना घेऊन आला होता. आजोबांच्या डोक्यावर टोपी नव्हती, ती हातात चुरगाळलेली होती.

"आजी," वाटाड्याने हलक्या आवाजात सांगितलं, "चढू नका. नुसतं वाकून खिडकीतून आत वास घ्या. ताजं नाक तुमचंच आहे."

आजी वाकल्या. बाजू बदलून दुसऱ्या खिडकीतून वास घेतला.

"डिझेल," त्या म्हणाल्या. "आणि यांचे मोजे. दुसरं काही नाही."

"नक्की?"

"चाळीस वर्षं हे मोजे सांभाळतेय मी."

वाटाड्याने तरीही आणखी बऱ्याच बादल्या उपसल्या. मग पाणीवाल्याला सांगून होडी लांब न्यायला लावली. खळग्यातलं पाणी आता तिच्या कोपराच्या वर आलं होतं आणि हात तिला स्वतःचा वाटत नव्हता.

"आता सोडायला हवा," तो म्हणाला. "तू पाण्यात उतर. ते तुला ओढून घेतील. मी धरतो."

"तुम्ही उतरा. तुम्हाला पोहता येतं."

"हट्ट करू नकोस."

"तुम्हीही करू नका."

दोघंही हलली नाहीत. शेवटी तो तिच्या शेजारी पालथा पडला, हात खाली घातला आणि तिच्या हातावर ठेवला. त्याने बोटं तिच्या बोटांत गच्च रुतवली. त्यालाही भीती वाटते, हे इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदा कळत होतं.

तिने बोटं सैल केली. फ्लोट वर आला. आतली गोळी घरंगळून टक्‌ असा आवाज झाला, पंप घरघरला, आणि बोटीच्या अंगातून बाहेर समुद्रात पाणी पडायला लागलं. पंप थांबेपर्यंत ती दोघं डोळे मिटून तशीच पडून राहिली. थांबल्यावरही.

"झालं का?" लांबून आजींनी विचारलं.

"झालं," गॅसवालीने ओरडून सांगितलं आणि बधिर हात खळग्यातून बाहेर काढला.